तेका पैसे कोण देतलो?

सावंतवाडीच्या पंचम खेमराज महाविद्यालयात शिकलेली आणि आता पीएचडीला नाव घातलेली एखादी मुलगी घरी म्हणाली, की जूनपासून दहा आठवडे लंडनला संशोधनाला जायचा विचार आहे, तर घरचे विषय काय ते नंतर विचारतात. आधी विचारतात, "तुका पैसे कोण देतलो? आणि कित्याक देतलो?"

प्रश्न रोखठोक आहे. त्यातलं "कोण" शोधायला इंटरनेट पुरतं. "कित्याक", म्हणजे "कशासाठी", हे मात्र बहुतेक मुलं स्वतःलाही विचारत नाहीत, आणि अर्ज तिथेच पडतात. म्हणून आपण सुरुवात त्या दुसऱ्या अर्ध्यापासून करू.

१. देणाऱ्याला यातून काय मिळतं?

परदेशी शिक्षणासाठी मिळणाऱ्या पैशाचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि आपल्याकडे त्यांची सर्रास गल्लत होते. पहिला प्रकार पदवीसाठीच्या शिष्यवृत्तीचा. त्यात देणारा माणसावर पैसे लावतो : ही मुलगी दोन-चार वर्षं शिकेल, पुढे काहीतरी करून दाखवेल. गुणपत्रिका, घरची परिस्थिती, वय हे सगळं तिथे बघतात. दुसरा प्रकार थोड्या मुदतीच्या संशोधन-अनुदानाचा. आठ, दहा, बारा आठवडे. इथे देणारा एका कामावर पैसे लावतो, आणि त्याचा प्रश्न एकच असतो : हे काम करायला इथेच का यायला हवं?

आंबोलीचं उदाहरण घ्या. सावंतवाडीहून घाट चढून वर गेलं की पावसाळ्यात ओलसर मातीत आणि दगडांखाली देवगांडूळ सापडतं. दिसायला गांडूळ, पण आहे बेडकाच्या नात्यातलं : पाय नसलेला उभयचर. २००३ साली आंबोलीच्या अशाच एका देवगांडुळाची शास्त्राला नवी असलेली जात म्हणून नोंद झाली, गेगेनिओफिस डॅनिएली या नावाने. नोंद करणारे तिघे होते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे वरद गिरी आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे मार्क विल्किन्सन व डेव्हिड गॉवर.

आंबोलीच्या प्राण्यासाठी लंडन कशाला? तर एखादी जात नवी आहे असं म्हणायचं, तर ती आधी सापडलेल्यांपैकी नाही हे दाखवावं लागतं. भारतातल्या उभयचरांचे इंग्रजी अमदानीत गोळा झालेले कितीतरी नमुने त्या लंडनच्या संग्रहालयात बाटल्यांमध्ये बंद आहेत. आंबोलीचा अभ्यासक तिथे गेला, की त्याला जुने नमुने बघायला मिळतात. आणि संग्रहालयाला असा माणूस मिळतो, ज्याने तो प्राणी जिवंत पाहिला आहे, त्याचा ओढा ओळखला आहे. व्यवहार दोन्ही बाजूंनी चोख आहे. दान वगैरे काही नाही.

प्राणिशास्त्र नको असेल तर गंजिफा घ्या. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही हाताने रंगवली जाणारी दशावतारी गंजिफा १२० पानांची असते, दहा अवतारांची प्रत्येकी बारा पानं. १९७० च्या दशकात ही कला जवळजवळ संपली होती. पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती उभी केली. पण जुन्या गंजिफांचे संच लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि ब्रिटिश म्युझियममध्येही आहेत. ज्या विद्यार्थिनीला सावंतवाडीच्या चितारी घराण्याची रेषा डोळ्यांनी ओळखता येते, ती त्या संचांपुढे बसली तर जे सांगेल ते तिथल्या नोंदवहीत असेलच असं नाही. "कित्याक देतलो"चं उत्तर इथे आहे.

२. साडेअकरा पौंड आणि करारनामा

आपल्याकडचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची चाकरी करायची, असा करार होता. ही वरची पहिल्या प्रकारची, माणसावर लावलेली शिष्यवृत्ती.

मला या गोष्टीचा पुढचा भाग जास्त शिकवणारा वाटतो. १९१६ साली ते न्यूयॉर्कहून लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये काम सुरू केलं, आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून काम अर्धं टाकून परत यावं लागलं. ते पुरं करायला १९२० साली पुन्हा गेले, तेव्हा पैसे एका ठिकाणाहून आले नव्हते. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीतली शिल्लक होती, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत होती, आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलं कर्ज होतं. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध अशा जोडून आणलेल्या पैशावर पुरा झाला.

इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या त्या जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जावर. आणि मुंबईत जमशेटजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेला जे. एन. टाटा एंडाउमेंट निधी मुळातच कर्जाऊ शिष्यवृत्तीचा आहे. शिकून या, कमवा, परत करा, म्हणजे तोच पैसा पुढच्याला मिळेल. सव्वाशे वर्षांहून जुनी ही युक्ती या प्रकरणाच्या शेवटी आपल्याला पुन्हा लागणार आहे.

३. आज कुणाकडे काय आहे

यादी लांब आहे. मी फक्त सावंतवाडीच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडतील अशा नावांवर थांबतो. रकमा आणि अटी दर वर्षी बदलतात, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आधी जे लागू पडत नाही ते बाजूला काढू. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि सारथीची सयाजीराव गायकवाडांच्या नावाची शिष्यवृत्ती या पूर्ण पदवीसाठी आहेत. दहा आठवड्यांचं काम त्यांत बसत नाही. फुलब्राइट-नेहरूची डॉक्टरल फेलोशिप भारतात पीएचडी करणाऱ्यांसाठीच आहे आणि मोलाची आहे, पण ती सहा ते नऊ महिन्यांची. डीएएडी ही जर्मनीची १९२५ पासूनची देवाणघेवाण संस्था. तिची उन्हाळी इंटर्नशिप प्रसिद्ध आहे, पण ती पदवीच्या मुलांसाठी आणि ठरावीक संस्थांच्या यादीपुरती. आयआयटीतल्या चुलतभावाला मिळाली म्हणून आपल्याला मिळेल असं नाही, आणि न मिळण्यात आपली काही कमतरताही नाही.

आता लागू पडणारं. पीएचडीच्या विद्यार्थ्याला डीएएडीचंच थोड्या मुदतीचं संशोधन-अनुदान आहे, एक ते सहा महिन्यांचं. फ्रान्ससाठी रमण-शार्पाक फेलोशिप आहे. चंद्रशेखर वेंकट रमण आणि जॉर्ज शार्पाक या दोन नोबेल विजेत्या भौतिकशास्त्रज्ञांच्या नावाची. मुंबईच्या इनलॅक्स शिवदासानी प्रतिष्ठानाचं संशोधन व प्रवास अनुदान भारतातल्या विद्यापीठांत पीएचडी करणाऱ्यांनाच आहे, काही महिने बाहेर जाऊन काम करण्यासाठी. एमएस्सीच्या, विशेषतः जैवतंत्रज्ञानाच्या, मुलांसाठी अमेरिकेत उन्हाळी काम करण्याचा खुराना कार्यक्रम भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने उभा राहिला. ज्यांच्या नावाचा तो आहे ते हरगोविंद खुराना स्वतः १९४५ साली सरकारी शिष्यवृत्तीवर लिव्हरपूलला गेले होते. पुढे विस्कॉन्सिनमध्ये काम करताना त्यांना १९६८ चं नोबेल मिळालं.

गंजिफावाल्या विद्यार्थिनीसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट. कला, वारसा, इतिहास अशा विषयांत ब्रिटनमध्ये काही आठवडे काम करायला हा ट्रस्ट पैसे देतो. ज्यांच्या मृत्युपत्रातून तो आला ते चार्ल्स वॉलेस इंग्रजी अमदानीत कलकत्त्यात धंदा करून श्रीमंत झाले होते. इथे कमावलेला पैसा त्यांनीच इकडच्यांसाठी ठेवला. त्याचा फायदा घेताना संकोच करायचं कारण मला दिसत नाही.

शेवटी संग्रहालयांचे छोटे निधी. आपल्याकडे त्यांची नावंही कुणी घेत नाही. हार्वर्डच्या प्राणिशास्त्र संग्रहालयाचं अर्न्स्ट मायर प्रवास अनुदान, न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचं संग्रह-अभ्यास अनुदान, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनची विद्यार्थ्यांसाठीची दहा आठवड्यांची फेलोशिप. पहिल्या दोन्हींची रक्कम लहान असते. विमानाचं तिकीट निघालं तरी पुष्कळ. पण त्यांना तुमच्या कॉलेजचं नाव यादीत असावं लागत नाही, तुमचा प्रश्न त्यांच्या कपाटातल्या नमुन्यांशी जुळावा लागतो. आंबोलीच्या अभ्यासकाने सुरुवात मोठ्या फेलोशिपपासून न करता इथून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

४. त्यांचा उन्हाळा, आपला पाऊस

युरोप-अमेरिकेत उन्हाळ्याची सुट्टी जून ते ऑगस्ट. प्रयोगशाळेत जागा रिकामी असते, वसतिगृहात खोली मिळते, म्हणून पाहुणे विद्यार्थी तेव्हा बोलावतात. आपली सुट्टी मे महिन्यात असते. जूनमध्ये परीक्षा आणि निकाल रेंगाळत असतात, नवं सत्र सुरू होत असतं.

आणि आंबोलीवर काम करणाऱ्याची अडचण याहून मोठी. मृगाचा पाऊस पडला की बेडूक ओरडायला लागतात, देवगांडूळ वर येतं. वर्षभराचं रानातलं काम त्या दोन-तीन महिन्यांत उरकायचं असतं. नेमक्या त्याच दिवसांत लंडनला गेलं तर पुढचा पाऊस येईपर्यंत हात रिकामे. म्हणून पीएचडीचं वेळापत्रक आखतानाच एक पावसाळा बाहेरच्या कामासाठी मोकळा ठेवावा. पहिल्या दोन पावसाळ्यांत रानातली माहिती जमवायची, तिसऱ्यात ती घेऊन जायचं. नाहीतर उन्हाळ्याचा हट्ट सोडावा. संग्रहालयाच्या बाटल्या बारा महिने तिथेच असतात, आणि फेब्रुवारीत विमानाचं तिकीटही स्वस्त पडतं. गंजिफा, मोडी कागदपत्रं, जुने नकाशे यांवर काम करणाऱ्याला ही अडचण नाही. त्याने खुशाल जून गाठावा.

आता मागे मोजत या. जून २०२७ ला जायचं, तर बरेचसे अर्ज २०२६ च्या सप्टेंबर ते डिसेंबरात भरावे लागतात. अर्जाला तिकडच्या संशोधकाचं पत्र लागतं, म्हणजे त्याच्याशी पत्रव्यवहार जुलै-ऑगस्ट २०२६ मध्ये सुरू व्हायला हवा. पासपोर्ट त्याच्याही आधी. थोडक्यात, एका पावसाळ्यात निघायचं तर आदल्या पावसाळ्यात बसून लिहायचं.

५. आधी बोलावणं, मग बिदागी

दशावतारी मंडळी स्वतः उठून कुठल्याही गावच्या जत्रेत नाटक लावत नाही. आधी देवस्थानाचं बोलावणं येतं, रात्र ठरते, उतरण्या-जेवण्याची सोय कुणाकडे ते ठरतं, आणि मग बिदागीची बोलणी. संशोधन-अनुदानाचा क्रम हाच आहे. बहुतेक ठिकाणी निधी देणारी संस्था एक आणि तुम्हाला बसायला टेबल देणारी दुसरी. टेबलवाल्याचं बोलावणं हातात नसेल तर पैसेवाल्यापुढे अर्ज उभाच राहत नाही.

हे बोलावणं मिळवायचं कसं? ईमेल लिहून. इथे दोन नमुने देतो, म्हणजे फरक कळेल.

पहिला : "मी महाराष्ट्रातली विद्यार्थिनी असून मला उभयचरांत लहानपणापासून खूप रस आहे. आपल्या जगप्रसिद्ध प्रयोगशाळेत काम करण्याची संधी दिल्यास मी आपली आजन्म ऋणी राहीन." अशा ईमेलला उत्तर येत नाही. यात उद्धटपणा कुणाचाच नाही. उत्तर देण्यासारखं त्यात काही नाही, इतकंच.

दुसरा : "आंबोलीतल्या तीन ओढ्यांवर दोन पावसाळे मी देवगांडुळांची मापं घेतली आहेत. त्यांतली काही मापं २००३ च्या वर्णनाशी जुळत नाहीत. तुमच्या संग्रहातले जुने नमुने मोजले तर हा फरक वयाचा आहे की जातीचा, हे ठरवता येईल. मला सहा आठवडे लागतील. माझा मापांचा तक्ता सोबत जोडला आहे." नमुना कल्पित आहे, पण साचा खरा. काय केलं, कुठे अडलं, तुमच्याकडचं काय लागेल, किती दिवस. चार वाक्यं पुरतात. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. जोडलेला तक्ता नीट हवा.

कोकणातल्या मुलांची एक सवय इथे आड येते. आपलं काम सांगणं त्यांना बढाई वाटते. मार्गदर्शकाने शिफारसपत्र लिहायचं म्हटलं की पुष्कळदा "तूच लिहून आण, मी सही करतो" असं उत्तर येतं, आणि मग ते पत्र मेहनती, आज्ञाधारक, सुस्वभावी या तीन शब्दांत संपतं. आज्ञाधारकपणासाठी कुणी तिकीट काढून देत नाही. शिफारसपत्रात त्या मुलीने पावसात किती रात्री मापं घेतली ते लिहा.

६. पिशवीत काय न्यायचं नाही

हा भाग छोटा आहे, पण चुकला तर महागात जाईल. आंबोलीचा बेडूक, देवगांडूळ, त्याच्या ऊतीचा तुकडा, झाडाचं वाळवलेलं पान यांतलं काहीही परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. जैविक विविधता कायदा २००२ सालचा आहे, आणि संशोधनासाठी नमुने बाहेर न्यायचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. संरक्षित प्राण्यांना वन खात्याची परवानगी वेगळी. या परवानग्यांना महिने लागतात. म्हणून पहिल्या खेपेला मापं, फोटो, आवाजाच्या ध्वनिफिती न्याव्यात आणि तिथले नमुने तिथेच मोजावेत.

आणखी एक. "पॅरिसमध्ये संशोधन इंटर्नशिप, प्रमाणपत्रासह, फक्त इतके पैसे भरा" अशा जाहिराती येतात. फेलोशिप पैसे देते. जी घेते ती सहल.

७. कागदावर नफा, खिशात खड्डा

आता हिशेब, समजा युरो चालणाऱ्या एखाद्या देशाचा. आकडे सोयीचे धरू : एक युरो म्हणजे १०० रुपये, अनुदान दरमहा १,००० युरो, मुदत अडीच महिने, शिवाय प्रवासासाठी ६०,००० रुपये. म्हणजे जमा २,५०,००० अधिक ६०,०००, एकूण ३,१०,००० रुपये.

खर्च : तिकीट ७०,०००. शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, म्हणजे ९,०००, आणि व्हिसा केंद्राचे २,०००. विमा ५,०००. व्हिसासाठी मुंबईच्या खेपा ५,०००. खोलीचं भाडं दरमहा ४०,००० प्रमाणे अडीच महिन्यांचं १,००,०००. खाणं आणि तिथला प्रवास ७५,०००. एकूण २,६६,०००. कागदावर ४४,००० शिल्लक. घरी हा तक्ता दाखवला तर सगळे खूश.

पण हाच हिशेब तारखांप्रमाणे मांडून बघा. अनुदानाचा पहिला हप्ता पुष्कळदा तिकडे पोचून बँक खातं उघडल्यावर मिळतो, आणि प्रवासखर्च तिकीट दाखवल्यानंतर. त्याआधी काय काय भरावं लागतं? तिकीट ७०,०००, व्हिसाचे ११,०००, विमा ५,०००, मुंबई ५,०००, पहिल्या महिन्याचं भाडं ४०,००० आणि खोलीची अनामत ४०,०००. बेरीज १,७१,००० रुपये. ज्या मुलीला यूजीसीची कनिष्ठ संशोधन फेलोशिप आहे, तिला २०२३ पासून दरमहा ३७,००० मिळतात. तिच्यासाठीही ही साडेचार महिन्यांहून अधिकची पूर्ण कमाई झाली, आणि ती फेलोशिपही वेळेवर जमा होत असेल तर. जिला फेलोशिपच नाही तिच्याबद्दल बोलायलाच नको.

अनामत जाताना परत मिळते, प्रवासखर्च मिळतो, शेवटी हिशेब जुळतो. पण मधले दोन-अडीच महिने कुणीतरी पावणेदोन लाख रुपये लावून ठेवावे लागतात. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरात वडील ते क्रेडिट कार्डावर टाकतात आणि विसरून जातात. तळकोकणातल्या आंबा-काजूवर चालणाऱ्या घरात मे अखेरीला हातात आलेला पैसा जूनमध्ये शेतीत गेलेला असतो. त्यामुळे निवड झालेली मुलगीसुद्धा "नको, पुढच्या वर्षी बघू" म्हणते. तिचं नाकारलेलं पत्र कुठल्या आकडेवारीत दिसत नाही. निवड समितीच्या लेखी तिने फक्त जागा सोडली.

माझ्या मते खरी गाळणी गुणवत्तेची नाही, या पावणेदोन लाखांची आहे. आणि ती दूर करायला नवी शिष्यवृत्ती काढायची गरज नाही, कारण पैसा मंजूर झालेलाच आहे, फक्त उशिरा येणार आहे. लागते ती उसनवार. टाटा निधीची ती १८९२ ची युक्ती इथे छोट्या प्रमाणावर चालेल. सहा लाखांचा एक फिरता निधी कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी, मुंबईतल्या चाकरमान्यांच्या मंडळांनी किंवा एखाद्या सहकारी पतसंस्थेने उभा केला, तर मंजुरीपत्र दाखवणाऱ्या तिघांना दर वर्षी प्रत्येकी १,७१,००० बिनव्याजी देता येतील. खर्च ५,१३,०००, वर थोडी शिल्लक. विद्यार्थी सप्टेंबरात परततील, डिसेंबरपर्यंत रक्कम फेडतील, आणि पुढच्या जूनला तेच पैसे दुसऱ्या तिघांना मिळतील. कुणी बुडवण्याची भीती असेल तर मार्गदर्शकाला जामीन घ्या.

सावंतवाडीतून शिकून मुंबईत, पुण्यात, परदेशात स्थिरावलेल्या वाचकांना म्हणूनच सांगणं आहे. पुढच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात सत्कार, शाल-श्रीफळ होऊ दे, पण कार्यक्रमपत्रिकेत या निधीचा एक विषय घाला. मंजुरीपत्र घेऊन थांबलेल्या मुलीला तो जूनच्या आधी लागतो.